बकआय कोंबडी: जात वाचली ती वजनकाट्यावर

शंभर पिल्लं काढायची, चार महिने पोसायची आणि त्यातली नव्वदेक रश्श्यात घालायची. जी जात नामशेष व्हायच्या बेतात आहे तिच्याबद्दल असं कुणी सुचवलं, तर ऐकणारा म्हणेल, डोकं फिरलंय का? एकेक जीव मोलाचा असताना कापायचं कशाला? पण अमेरिकेतली बकआय नावाची कोंबडीची जात २००५ पासून साधारण याच वाटेने सावरली. गावरान कोंबडी, असील, कडकनाथ असं काही ना काही बाळगणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला या प्रकरणातून घेण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून ते जरा तपशिलात मांडतो.

आधी ही कोंबडी कुठली ते सांगतो. ओहायो राज्यात वॉरन नावाचं गाव आहे. तिथे नेटी मेटकाफ या बाईंनी १८९६ च्या सुमारास बफ कोचीन जातीचा कोंबडा बार्ड प्लायमाउथ रॉकच्या कोंबड्यांवर सोडला. पिल्लं थोराड निघाली, पण आळशी. खाणं टाकलं की खायचं आणि तिथेच बसायचं. बाईंना ते रुचलं नाही. मग त्यांनी त्या तलंगांवर, म्हणजे वयात येणाऱ्या माद्यांवर, काळ्या छातीचा लाल गेम कोंबडा सोडला. गेम म्हणजे झुंजीच्या कोंबड्यांचं रक्त. छाती रुंद, मांड्या भरदार, अंगात चपळाई. पुढच्या निवडीतून गडद तांबूस-तपकिरी रंगाची, पिवळ्या पायांची, भरल्या अंगाची कोंबडी स्थिर झाली. ओहायोत बकआय नावाचं झाड असतं, त्याचं बी चकचकीत तपकिरी, हरणाच्या डोळ्यासारखं. रंगावरून नाव पडलं.

या कोंबडीचा तुरा मुद्दाम पाहण्यासारखा. उभा, करवतीच्या पात्यासारखा एकेरी तुरा नाही. वाटाण्याचे दाणे तीन ओळींत बसवावेत तसा बुटका, डोक्याला चिकटलेला. ओहायोच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली उतरतो तेव्हा एकेरी तुऱ्याची टोकं गोठून काळी पडतात, कधी गळून जातात. बसक्या तुऱ्याला तो त्रास कमी.

१९०२ मध्ये क्लीव्हलंडच्या प्रदर्शनात ही कोंबडी मांडली गेली आणि १९०४ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या, जातींची लक्षणं ठरवणाऱ्या प्रमाणग्रंथात तिला जागा मिळाली. त्या ग्रंथातल्या अमेरिकन जातींपैकी एका स्त्रीने घडवलेली म्हणून ओळखली जाणारी ही एकच. पण नशीब असं, की तेव्हाच पूर्वेकडे ऱ्होड आयलंड रेड जोर धरत होती. तीच ती, जिला आपल्याकडे सरकारी वाटप योजनांपासून सगळे नुसतं 'आरआयआर' म्हणतात. दोन्ही दिसायला तांबड्या. मेटकाफबाईंनी त्या मंडळींशी पत्रव्यवहार केला, पक्ष्यांची देवघेव केली, आपली कोंबडी त्यांच्याच नावाखाली, वाटाणी तुऱ्याची म्हणून दाखवावी असाही विचार करून पाहिला. अखेर स्वतःचं नाव परत घेतलं. आरआयआर जगभर गेली. बकआय ओहायोतल्या आणि आसपासच्या थोड्या हौशी लोकांपुरती उरली.

पुढचं सगळ्याच जुन्या जातींच्या वाट्याला आलं. १९४६ ते ४८ या काळात अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' अशी स्पर्धाच भरवली गेली. रुंद छातीची, लवकर वाढणारी कोंबडी कोण करून दाखवतो हे पाहायचं. कॉर्निशच्या संकराने बाजी मारली आणि आजच्या ब्रॉयलरची वाट मोकळी झाली. जाता जाता सांगायचं तर या कॉर्निशचं जुनं नाव 'इंडियन गेम', आणि तिच्यात आपल्या असीलचं रक्त आहे. तेव्हा चिकन सिक्स्टी-फाइव्हच्या ताटात थोडा असील असतोच म्हणा.

घसरण कशी होते

बकआयची संख्या घटली हे उघड दिसत होतं. उरलेली बकआय पूर्वीची बकआय राहिली नव्हती, हे लवकर दिसलं नाही. प्रमाणग्रंथ म्हणतो पूर्ण वाढलेला कोंबडा ९ पौंडांचा, म्हणजे ४ किलोच्या थोडा वर. कोंबडी साडेसहा पौंडांची, ३ किलोला थोडी कमी. प्रत्यक्षातले पक्षी हलके, अरुंद आणि मंद वाढीचे झाले होते.

कुणी वाईट केलं म्हणून असं झालं नाही. कुणी काहीच केलं नाही म्हणून झालं. समजा तुमच्याकडे दहा कोंबड्या आहेत आणि जी अंडी मिळतील ती तुम्ही उबवणीला ठेवता. लहानखुऱ्या कोंबड्या साधारणपणे लवकर अंड्यावर येतात आणि जास्त घालतात. म्हणजे यंत्रात त्यांचीच अंडी जास्त, पिल्लंही त्यांचीच जास्त. तुम्ही निवड केली नाही तरी निवड झालीच, फक्त लहान अंगाच्या बाजूने. दहा-पंधरा पिढ्या हेच चालू राहिलं की तुरा तसाच, रंग तसाच, आणि आतून माल पोकळ. जात दुर्मीळ असली तर यात भर पडते. मालक हात आखडतो. वाकड्या बोटाचा, अरुंद छातीचा पक्षीही 'दुर्मीळ आहे हो' म्हणून ठेवून घेतो. माझ्या मते दुर्मीळ जातींचा खरा घात या मायेनेच होतो.

नॉर्थ कॅरोलिनातल्या पिट्सबरो इथली अमेरिकन लाइव्हस्टॉक ब्रीड्स कॉन्झर्व्हन्सी ही १९७७ मध्ये स्थापन झालेली संस्था अशा जातींची नोंद ठेवते. २०१३ पासून तिचं नाव नुसतं लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी. तिच्या यादीत सगळ्यात वरचा, अतिधोक्याचा गट म्हणजे देशभरात पैदाशीचे ५०० पेक्षा कमी पक्षी आणि ५० किंवा अधिक पक्ष्यांचे मुख्य कळप पाच किंवा त्याहून कमी. बकआय या गटात होती. २००५ मध्ये संस्थेने तिला हाती घेतलं, आणि धोरण ठरवलं ते आकडा वाढवण्याचं नव्हे. आधी कोंबडी कामाची करायची. कामाची झाली तर शेतकरी ठेवतील, आणि शेतकऱ्यांनी ठेवली तर आकडा आपोआप वाढेल.

हात, काटा आणि सोळा आठवडे

पद्धत नवी नव्हती. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कोंबडीपालकांना जे हाताने कळत होतं, ते पुन्हा शिकून घेतलं, एवढंच. त्या लोकांत एक म्हण होती: आधी कोठार उभं करा, रंग मागाहून द्या. म्हणजे अंगाचा सांगाडा आणि मांस आधी, पिसांचा रंग नंतर.

पहिली तपासणी आठ आठवड्यांची असताना. पायात क्रमांकाची कडी, हातात वजनकाटा. प्रत्येक पिल्लाचं वजन लिहायचं आणि मग पक्षी हातात घेऊन पाहायचा. कवटीपासून सुरुवात करायची: रुंद कवटीच्या पक्ष्याचं अंगही सहसा रुंद निघतं. मग पंखांच्या मागे दोन्ही हातांनी छातीचा घेर पाहायचा, कारण काळीज-फुप्फुसाला जागा तिथेच असते. पाठ खांद्यापासून शेपटीपर्यंत सपाट आणि रुंद राहते की मागे निमुळती होते, ते पाहायचं. शेवटी छातीचं हाड: लांब आहे का, सरळ आहे का, दोन्ही बाजूंना मांस किती. वाकडं हाड, वाकडी बोटं, एका बाजूला कललेली शेपटी, कात्रीसारखी चोच असली की तो पक्षी तिथेच बाजूला. दुसरी तपासणी सोळाव्या आठवड्याला, तीच क्रिया पुन्हा. उरलेल्यांपैकी वरचे दहाएक टक्के पैदाशीला, बाकीचे ताटात. तुरा आणि पिसं पाहायची ती इथे, सगळ्यात शेवटी.

यातलं अर्धं आपल्या आठवडी बाजारात रोज चालतं. कोंबडी घेणारी बाई पायाने उलटी धरून आधी छातीच्या हाडावर अंगठा फिरवते आणि 'काय हाडंच विकतो का रं' म्हणून दर पाडते. फरक एकच, की तिला जी भरलेली सापडते ती त्याच संध्याकाळी चुलीवर जाते. आपल्याकडे चांगली तलंग विकली जाते आणि उरलेलीवर पैदास चालते. पाहुणे आले की सगळ्यात जड तलंगा, म्हणजे तरणा कोंबडा, कापायचा ही रीत माझ्याही घरची. कळपाच्या दृष्टीने हे उलटं बियाणं झालं: टपोरं कणीस खाऊन पोचट पेरायचं.

घरच्या पंधरा-वीस गावरान कोंबड्यांवर मी ही तपासणी एकदा करून पाहिली. कापडी पिशवीच्या एका कोपऱ्याला भोक पाडलं, त्यातून कोंबडीचं डोकं बाहेर काढलं आणि पिशवी ताणकाट्याला टांगली. अंधारात अंग गेलं की कोंबडी निवांत होते, काटा थरथरत नाही. डोळ्यांना जी सगळ्यात मोठी वाटायची ती झिपरी कोंबडी काट्यावर चौथी आली. सगळी पिसंच. पहिली आली ती एक बुटकी करडी, जिच्याकडे कुणाचं कधी लक्षही गेलं नव्हतं.

तीन पिढ्यांचा हिशेब

निकाल असा: तीन पिढ्यांत बकआयचं सरासरी वजन जवळजवळ एक पौंडाने, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास वाढलं, आणि पूर्वी जो पक्षी कापायला योग्य व्हायला वीस आठवडे लागत तो सोळा आठवड्यांत तयार होऊ लागला. चार आठवड्यांचं खाद्य वाचलं. छोट्या शेतकऱ्याला जात परवडते की नाही, हे या चार आठवड्यांवर ठरतं.

हे शक्य कोटीतलं आहे का, ते साध्या गणिताने तपासता येतं. पैदासशास्त्रात एक सूत्र आहे: पुढच्या पिढीतली सुधारणा म्हणजे अनुवंशिकतेचा वाटा गुणिले निवडलेल्यांची सरासरीपेक्षा आघाडी. कोंबडीच्या शरीराच्या वजनात हा वाटा साधारण ०.४ धरतात. समजा कळपाची सरासरी अडीच किलो आहे आणि निवडलेले नर-माद्या सरासरीपेक्षा ३५० ग्रॅमने जड आहेत. ३५० गुणिले ०.४ म्हणजे १४० ग्रॅम. पिढीला १४०, तीन पिढ्यांत ४२०. म्हणजे साडेचारशेचा आकडा जादूचा नाही. नेटाने वरचे दहा टक्के ठेवले तर तो येतो.

एक शंका मात्र मी राखून ठेवतो. निवड सुरू करणारा माणूस त्याच सुमारास खाद्य सुधारतो, गर्दी कमी करतो, वेळेवर लस देतो. वाढलेल्या वजनातला काही भाग या काळजीचाही असू शकतो. तो वेगळा काढायचा तर शेजारी न निवडलेला कळप त्याच खाद्यावर ठेवावा लागतो, आणि जिथे मुळात पक्षीच मोजके आहेत तिथे ती चैन परवडत नाही. माझ्या लेखी त्याने निष्कर्ष बदलत नाही. पण आपल्याकडे कुणी 'दोन वर्षांत वजन दीडपट' म्हणून सांगायला आला, तर आधी खाद्य कोणतं बदललं ते विचारावं.

आता दुसरी बाजू. वरचे दहा टक्के ठेवायचे म्हणजे नर फार थोडे उरतात, आणि लहान कळपात सगळं नरांवर अडतं. समजा २ कोंबडे आणि २० कोंबड्या ठेवल्या. एकूण २२ पक्षी दिसतात, पण अनुवंशिक विविधतेच्या दृष्टीने परिणामकारक संख्या काढायचं सूत्र वेगळं आहे: चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोघांची बेरीज. १६० भागिले २२, म्हणजे ७ च्या जरा वर. दर पिढीला जवळच्या नात्यातल्या संकराचं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी वाढतं. चार पिढ्यांत अंडी कमी उबू लागतात, पिल्लं कमकुवत निघतात, आणि जड कोंबडीचं काय करायचं ते कळत नाही. तेच १० कोंबडे आणि ४० कोंबड्या ठेवल्या तर संख्या ३२ आणि वाढ दीड टक्क्याच्या आसपास. म्हणून जाणते पैदासकार एकाच खुराड्यातला सर्वांत भारी कोंबडा सगळ्यांवर सोडत नाहीत. कळपाची तीन-चार कुळं करतात. माद्या आपल्या कुळात राहतात आणि पहिल्या कुळातला तलंगा दुसऱ्यात, दुसऱ्यातला तिसऱ्यात असा दर वर्षी पुढे सरकतो. बरीच वर्षं बाहेरचं रक्त न आणता निभावतं. आपल्या गावात सोयरीक करताना लोक कूळ पाहतात तेच गणित, फक्त इथे पत्रिकेऐवजी पायातली कडी.

तुऱ्याची भानगड

रंग नंतर म्हटलं तरी तो कधीतरी द्यावाच लागतो, नाहीतर चौथ्या पिढीत हातात चांगली भरलेली पण निनावी तांबडी कोंबडी उरेल. बकआयला आरआयआरपासून वेगळं ओळखायची एक खूण फार सुरेख आहे. पाठीवरचं पीस बोटाने उलटं करायचं. वर महोगनी, पण मुळाशी जो मऊ कापूस असतो त्यात पाटीच्या दगडाच्या रंगाचा एक आडवा पट्टा. पक्षी उभा असताना तो दिसत नाही. हातात घेतल्याशिवाय कळतच नाही.

तुऱ्याचं प्रकरण किचकट. वाटाणी तुऱ्याचं जनुक प्रभावी आहे. त्यामुळे एक प्रत वाटाण्याची आणि एक एकेरीची असलेला पक्षीही दिसायला वाटाणी तुऱ्याचाच. असे दोन एकत्र आले की चारातलं एक पिल्लू उभ्या एकेरी तुऱ्याचं निघतं आणि मालक घाबरतो, शेजाऱ्याचा कोंबडा आला की काय! एकेरी तुऱ्याची पिल्लं काढून टाकली तरी दोष जात नाही. उरलेल्या तिघांतले दोन तो पोटात घेऊन फिरत असतात. ओळखायचं तर संशयित कोंबडा मुद्दाम एकेरी तुऱ्याच्या कोंबड्यांवर सोडायचा. एकेरी तुऱ्याची प्रत बाळगणाऱ्याची साधारण अर्धी पिल्लं एकेरी तुऱ्याची येतात. दहा पिल्लं लागोपाठ वाटाणी आली तर कोंबडा शुद्ध समजायला हरकत नाही. ही कोंबड्यांच्या तुऱ्याचीच उदाहरणं घेऊन ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे १९०२ मध्ये मांडलं. त्याच साली मेटकाफबाई क्लीव्हलंडला आपले पक्षी दाखवत होत्या.

मग प्रश्न येतो: सोळाव्या आठवड्याला सगळ्यात जड निघालेला तलंगा एकेरी तुऱ्याची प्रत बाळगणारा असेल तर? माझं उत्तर आहे, सुरुवातीच्या तीन पिढ्यांत ठेवावा. तुरा एका चाचणी-जोडीत सुधारता येतो. छातीची रुंदी एकदा गेली की परत आणायला पिढ्या लागतात. पाठीवरचा पट्टा नसलेल्याबद्दलही तेच.

कडकनाथाच्या बाबतीत आपण नेमकं उलट केलं. काळी जीभ, काळा तुरा, काळं मांस एवढंच पाहून पिल्लांचे भाव चढले. काळेपणाचं जनुकही प्रभावी आहे. संकराची पिल्लंही बऱ्यापैकी काळवंडतात, म्हणून नुसत्या रंगाने शुद्धता सिद्ध होत नाही. २०१९ मध्ये कडकनाथाच्या नावावरची साखळी योजना कोसळली तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांकडे काळे पक्षी होते आणि घेणारा कुणी नव्हता. वजनाची, अंड्यांची वही असती तर निदान आपल्याकडे काय आहे ते तरी कळलं असतं.

उरलेलं काम

सुधारलेल्या कळपाची अंडी आणि पिल्लं इतर पाळणाऱ्यांकडे गेली, कळप ठिकठिकाणी वाढले आणि बकआय अतिधोक्याच्या गटातून खाली उतरली. एकाच जागी सगळे पक्षी ठेवणं हा जुगारच असतो. एक मानमोडीची साथ आली की खेळ खलास.

अंड्यांचं मात्र वजनाइतकं झटपट जमत नाही. बकआय वर्षाला दीडशे ते दोनशे तपकिरी अंडी देते. अंड्यांच्या संख्येत अनुवंशिकतेचा वाटा वजनापेक्षा बराच कमी, आणि कोंबड्याला तर अंडं घालता येत नाही. त्याची पारख बहिणी आणि लेकींवरून करायची. हाताने थोडं कळतं. अंड्यावरच्या कोंबडीच्या शेपटीखालची दोन टोकदार हाडं पातळ असतात आणि त्यांच्यात दोन-तीन बोटं मावतात. खुडूक किंवा थांबलेलीत एक बोटही जेमतेम. पिवळ्या पायांच्या जातीत आणखी एक सोय आहे. अंडी घालताना अंगातला पिवळा रंग बलकात जातो आणि अंगावरचा ठरलेल्या क्रमाने उडतो: आधी गुदद्वाराभोवतीचा, मग डोळ्याची कड, कानाची पाळी, चोच, आणि शेवटी पाय. भाद्रपदात जिचे पाय पांढुरके ती वर्षभर राबलेली. जिचे पाय हळदीसारखे पिवळे तिने वर्षभर तुमचं धान्य खाल्लं.

पण कुठल्या कोंबडीने नेमकी किती घातली हे लिहायचं तर सापळ्याचं खुराडं लागतं. कोंबडी आत गेली की झाप पडते, आणि कुणीतरी येऊन कडीचा क्रमांक व अंडं लिहून तिला सोडेपर्यंत ती आतच. दिवसातून चार-पाच फेऱ्या, रोज, सणवारालासुद्धा. वजनाचं काम वर्षातल्या दोन दिवसांत उरकतं. या कामाला घरात एक माणूस कायमचा लागतो, आणि तो सापडला तर दुसरी अडचण कोंबड्याची: त्याच्या लेकींची वर्षाची वही पूर्ण होईपर्यंत तो दोन वर्षांचा झालेला असतो आणि तोवर त्याला कापायचा मोह टाळावा लागतो.